दीड महिन्याचं बोधचिन्ह

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे सगळ्यात आधी भिंती तापतात. पावसाळाभर त्या ओल धरून बसलेल्या असतात. दोन-चार दिवस कडक ऊन पडलं की वाळायला लागतात, आणि मग संध्याकाळी त्यांच्या जवळून गेलं तरी अंगाला वाफ लागते. आभाळ निळंभोर असतं, पण वारा म्हणून नसतो. शहराबाहेर द्राक्षांच्या छाटण्या चाललेल्या असतात, आणि तिकडून कामावरून परतणाऱ्यांच्या कपड्यांना औषधाचा उग्र वास येतो. दिवाळी तोंडावर आलेली असते, त्यामुळे लोक खुशीत असतात. मला मात्र या दिवसांत कोंडल्यासारखं होतं. दार उघडं असतं, खिडक्या उघड्या असतात, तरी होतं.

यंदा त्यात एका पत्राची भर पडली. आमच्या बायकांच्या मंडळाच्या मेलवर आलेलं ते पत्र मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं, कारण कागद हातात आल्याशिवाय मला काही वाचल्यासारखं वाटत नाही. क्रिकेटचा विश्वचषक पुन्हा आपल्याकडे येतोय. मागच्या वेळी ज्या ना-नफा संस्थांनी आपल्या उपक्रमासाठी स्पर्धेचं बोधचिन्ह वापरलं होतं, त्यांना याही वेळी ते वापरता येईल, सोबतचा अर्ज भरून पाठवावा, असं त्यात होतं. मागच्या वेळी हेच पत्र आलं तेव्हा मी पेढे आणले होते. या वेळी मी त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि चार दिवस पर्सच उघडली नाही.

आमचा उपक्रम म्हणजे एक खोली. इंदिरानगरातल्या मैदानाच्या कोपऱ्यात, पूर्वी माळ्याची अवजारं ठेवायची ती. पुस्तकांचं वाचनालय असतं तसं आमचं खेळाच्या सामानाचं. बॅटी, रॅकेटी, चेंडू, उड्या मारायच्या दोऱ्या, एक कॅरम, आणि कुणी खेळत नाही असं एक बुद्धिबळ. संध्याकाळी पाच ते सात. मुलींनी यायचं, नाव सांगायचं, हवं ते न्यायचं, आणि अंधार पडायच्या आत आणून द्यायचं. मुलींसाठीच, कारण मैदान मुलांनी धरलेलंच असतं आणि घरात असलेली बॅट भावाची असते. आम्ही सात-आठ बायका मिळून हे चालवतो. मी चिटणीस.

चिटणीस मीच असणार, यात कुणाला शंका नव्हती. नोकरीतली सगळी वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. माझ्या टेबलावरून कधी एक कागद गहाळ झाला नाही, हे मी अजूनही चारचौघांत सांगते आणि घरातले एकमेकांकडे बघतात. नियम दिसला की मला बरं वाटतं. भरल्या बाजारात ओळखीचं माणूस दिसावं, तसं. आणि त्या टेबलावर मी एक शहाणपण शिकले होते, ज्याचा मला फार अभिमान होता. शंका आली तर विचारायला जायचं नाही. विचारलं की वरचा माणूस विचार करायला लागतो, आणि तो विचार करायला लागला की एकाचे चार नियम होतात. त्यापेक्षा आपणच एक पाऊल जास्त पाळावं आणि मोकळं व्हावं.

मोकळं! आता हा शब्द लिहितानाही हसू येतं.

पुष्पा आहेर आमच्यात सगळ्यात आधीपासून. मूळची देवळ्याकडची, माहेरी कांद्याची शेती. तिचा नवरा सातपूरला एका कारखान्यात फिटर. त्यांना एकच मुलगी होती, ज्योती. सहावीत होती. एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. त्यावर मी जास्त लिहीत नाही, कारण पुष्पाही त्यावर कधी जास्त बोलली नाही. पुढे आम्ही ही खोली सुरू करायचं म्हणत होतो, तेव्हा पहिलं सामान तिच्या घरून आलं. ज्योतीची बॅट, मुठीला निळी टेप गुंडाळलेली. पाठोपाठ एक लोखंडी मांडणी आणि एक उंच स्टूल आलं. आहेरभाऊंनी ड्यूटी संपल्यावर स्वतः वेल्डिंग करून केलेलं. आणि मग एका रविवारी ते निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले आणि समोरच्या भिंतीवर त्यांनी नाव लिहिलं. ‘कु. ज्योती हिच्या स्मरणार्थ.’

अक्षरं सुरेख होती. कारखान्यात मशीनवर नंबर टाकतात तशी, जाड आणि ताठ. रंग इतका दाटून भरलेला, की हात फिरवला तर बोटांना कड लागायची. पण लिहिलं होतं भलत्याच जागी. पाटी म्हटली की ती डोळ्यांच्या वर असते. ही खूपच खाली, मोठ्या माणसाच्या छातीशी. मी म्हणालेसुद्धा, “आहेरभाऊ, जरा वर घ्यायचं होतं. आणि ‘कै.’ राहिलं की.” ते ब्रश पुसत राहिले. मला वाटलं, फिटर माणूस, त्याला काय मांडणीचं कळणार.

मागच्या विश्वचषकाच्या ऑक्टोबरात सगळं गाव झपाटलेलं होतं. फटाक्यांच्या दुकानाशेजारी झेंडे विकायला आले होते. सातपूरच्या बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना स्कोअर विचारत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी देवघरातल्या गणपतीसमोर चेंडू ठेवला होता. त्यात आम्हाला ते बोधचिन्ह मिळालं. ‘लोगो’ म्हणत सगळ्या. पैसा नाही, सामान नाही, नुसतं चिन्ह, तेही जपून वापरायचं. पण टीव्हीवर दिसतं तेच आपल्या खोलीच्या भिंतीवर येणार म्हटल्यावर आम्ही सगळ्या लग्नघरातल्यासारख्या धावत होतो. नाकापेक्षा मोती जड, असं एक जण म्हणाली. तिला आम्ही गप्प केलं.

सोबत अटींचा कागद होता, इंग्रजीत. मी तो घरी नेऊन चष्मा पुसून पुसून वाचला. चिन्हाचा रंग बदलायचा नाही. आकार वाकडातिकडा करायचा नाही. ते भिंतीच्या मधोमध हवं, भोवती मोकळी जागा हवी. त्याच्याजवळ कुठलंही व्यापारी नाव किंवा खूण नको. स्पर्धा संपली की महिन्याच्या आत काढून टाकायचं.

मी त्या नावांच्या अटीशी थांबले. आमच्या खोलीत नावांना तोटा नव्हता. आपल्याकडे कुणी काही दिलं की त्यावर नाव येतंच. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच आजोबांचं नाव होतं, पंखा फिरला की आजोबा दिसेनासे व्हायचे. बाकावर एक आजी होत्या, त्यांच्यावर बसून पोरी बूट बांधायच्या. पाण्याच्या पिंपावर तर नवराबायको दोघं होते, बाईंच्या नावापुढे मागाहून ‘कै.’ जोडलेलं. यातलं एकही नाव व्यापारी नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. अटीत ‘व्यापारी’ असं स्पष्ट होतं, आणि मी ते वाचलं होतं. पण मनात आलं, उद्या तपासायला कुणी आलं आणि म्हणालं, ही नावंसुद्धा जाहिरातच झाली की, तर? पत्र टाकून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मी एक पाऊल जास्त पाळलं.

बैठकीत मी सांगितलं, “नियमाप्रमाणे इतर नावं चालणार नाहीत.” कुणी कागद मागितला नाही. कागद माझ्या हातात आहे म्हणजे तो वाचलेला आहे, हा माझा लौकिक. पंख्याला, बाकाला, पिंपाला खाकी कागद चिकटवायचे ठरले. प्रश्न होता फक्त भिंतीचा. मधोमध जिथे लोगो यायचा, नेमकं तिथेच ज्योतीचं नाव होतं, आणि भिंतीवर कागद चिकटवून त्यावर चित्र काढता येत नाही.

पुष्पाला विचारायला मी दुसऱ्या दिवशी जरा लवकर गेले. ती दारात बसून बॅटींना तेल लावत होती. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. मी घुमवून फिरवून बोलत होते, चिन्हाचं महत्त्व, अटी, मोकळी जागा. तिने मधेच हात थांबवला.

“ज्योतीचं नाव काढायचं म्हनता का, ताई?”

“काढायचं असं नाही गं. नियमच आहे तसा.”

“नियमच हाय?”

“हो.”

तिने फडक्याला हात पुसले. मग तिने विचारलं, “लोगो लागल्यावर पोरी जास्त येतील?”

“पुष्कळ येतील.”

“मग पुसा,” ती म्हणाली. “ह्यांना मी सांगते.”

हे एवढंच झालं. ती रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. मी कदाचित त्या रागात घरी जाऊन पत्र टाकून विचारलं असतं. तिने दोन शब्दांत दिलं आणि परत तेल लावायला लागली, आणि मी ‘मनाची मोठी आहे’ असं म्हणत घरी आले.

रंगारी आला. त्याने भिंतीवर बोटं फिरवून विचारलं, “ताई, ही अक्षरं खरवडून काढू का? ऑइलपेंट हाय, वरून रंग मारला तरी उठाव राहील.” मला वेळ नव्हता. मी म्हटलं, राहू दे, दोन हात मार. क्रीम रंगाचा पहिला हात बसला तेव्हा निळं नाव आतून दिसत होतं, आजारी माणसाच्या हातावरच्या शिरेसारखं. दुसऱ्या हातानंतर दिसेनासं झालं. त्यावर झळझळीत लोगो आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. त्या फोटोत मी मधे आहे, शेजारी पुष्पा, नवी साडी नेसून, हसते आहे. मीच तिला हात धरून तिथे उभं केलं होतं.

आणि मुली आल्या. हे कबूल केलंच पाहिजे, कारण त्यामुळेच पुढचं सगळं अवघड झालं. लोगो बघून आयांचा विश्वास बसला. शिफ्टला निघालेला एक बाप मोटारसायकलवर पोरीला घेऊन आला, बाहेरूनच भिंतीकडे बघत म्हणाला, “हे वर्ल्डकपवाल्यांचं ना? मग सोडतो तिला. मला वाटलं नुसतंच काहीतरी हाय.” आम्ही कित्येक दिवस त्याच ‘नुसतंच काहीतरी’मध्ये बसत होतो. पण पोरगी आत आली, बॅट घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली. मैदानाचा एक कोपरा मुलींचा झाला. पाच वाजले की त्यांचा आरडाओरडा सुरू व्हायचा. मी खिडकीतून बघायचे आणि मला खरोखर आनंद व्हायचा.

स्पर्धा मध्यावर असताना मुंबईहून स्पर्धेवाल्यांची एक तरतरीत मुलगी उपक्रम बघायला आली. त्या दोन दिवसांत पुष्पा माहेरी गेली होती, भावाकडे कांद्याचं रोप टाकायचं होतं. मुलीने सगळं बघितलं, कौतुक केलं, आणि वर पंख्याकडे बघून हसायला लागली.

“काकू, पंख्याला पट्ट्या का बांधल्यात?”

“एका आजोबांचं नाव आहे. अटीत आहे ना, इतर नावं नकोत म्हणून.”

“अहो, ते दुकानांचं, कंपन्यांचं. आजोबांच्या नावाला कोण हरकत घेईल? काढून टाका ते कागद. छान दिसतील उलट.”

तिने ते इतक्या सहज म्हटलं. पाणी प्यायली, लोगोसमोर स्वतःचा एक फोटो काढला, आणि गेली. मी दार लोटून घेतलं आणि त्या उंच स्टुलावर चढून एकेक कागद सोलून काढला. आजोबा परत आले. बाकावरच्या आजी आल्या. पिंपावरचं जोडपं आलं. सगळे मेलेले परत आले, फक्त सहावीतली एक मुलगी आली नाही. मी स्टुलावरच बसून राहिले. खोलीत इतकं उकडत होतं, तरी पंखा लावायचं भान मला राहिलं नाही.

पुष्पा परतली. दारातून आत येताच तिचं लक्ष वर गेलं.

“कागद निघाले?”

“सारखे सुटत होते गं,” मी म्हणाले. “म्हटलं, राहू दे.”

“बरं केलं,” ती म्हणाली.

इतकं खोटं मी उभ्या नोकरीत कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते इतक्या सफाईने, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यानंतर धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं, तर लोगो आत्ताच्या आत्ता काढून नाव काही परत येणार नव्हतं. पोरी येत होत्या, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, मंडळातल्या बायका माझ्या नियमशीरपणाचं कौतुक करत होत्या. न सांगावं, तर रोज संध्याकाळी दोन तास मला त्याच खोलीत बसायचं होतं. स्पर्धा संपली. अटीप्रमाणे महिन्याच्या आत रंगारी आला आणि त्याने लोगोवरही क्रीम रंग फिरवला. भिंत कोरी झाली. कुणीतरी म्हणालं, आता कशी स्वच्छ दिसते, राहू द्या अशीच, पुढच्या वेळी अर्जाला बरं. मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. ज्याच्यासाठी नाव पुसलं ते चिन्ह दीड महिना राहिलं, आणि नाव कायमचं गेलं. पुष्पा त्या बैठकीला होती. तिने मान हलवली.

मात्र एक गोष्ट तिने बदलली. पूर्वी ती दाराशी, भिंतीकडे तोंड करून बसायची. आता तिने ते उंच स्टूल उचलून भिंतीलाच लावलं आणि भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. मला कळलं. तिला ती कोरी भिंत बघायची नव्हती. माझं टेबल बरोबर समोर, त्यामुळे बघायची मला. ती मागे डोकं टेकून बसायची, मुलींची नावं विचारायची, दोऱ्यांच्या गाठी सोडवायची, आणि मी तिच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचे. खाई त्याला खवखवे. हळूहळू तिच्या डोक्यामागे भिंतीवर तेलाचा एक काळपट गोल डाग पडला. मला असले डाग खपत नाहीत. पण तिला सांगायचं धाडस होईना, म्हणून मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की दिवाळीआधी गुपचूप रंगाचा एक हात मारून घ्यायचा.

आहेरभाऊ तर यायचेच बंद झाले. त्यांची बस मैदानाच्या या अंगाला थांबते. खोलीवरून गेलं तर घर दोन मिनिटांवर. ते मैदानाला वळसा घालून जायला लागले. खिडकीतून मला त्यांचा डबा दिसायचा, हातात हेलकावत, लांबून जाणारा.

माणूस कोंडला जातो तेव्हा दर वेळी कुणी कडी लावलेली असते असं नाही. मला वाटायचं, कुणीतरी विचारावं. एकदा तरी पुष्पाने विचारावं, ताई, तो नियम दाखवा बरं. मी लगेच सांगून टाकलं असतं. तिने विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची मला आयुष्यात सवय नव्हती. आमच्या टेबलावर कागद आला तरच पुढे जायचा.

आणि या ऑक्टोबरात पुष्पाने एका संध्याकाळी दोरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, “ताई, दिवाळी झाली की आम्ही देवळ्याला चाललो. हे रिटायर होतात. तिकडं घर हाय, थोडं वावर हाय.” मी म्हटलं, “अगं बाई, खरंच?” आणि घरी येऊन ताटावरून तशीच उठले. ती गेली की मी सुटेन, असं क्षणभर वाटलं. हे वाटलं, हे लिहायला मला लाज वाटते. पण लगेच कळलं की ती गेली की माझी कडी बाहेरून कायमची लागणार. पर्समधलं पत्र काढलं. अर्जात एक रकाना होता. उपक्रमाच्या जागी आधीपासून असलेली नावं. मी आजोबा लिहिले, आजी लिहिल्या, जोडपं लिहिलं, आणि मग लिहिलं: कु. ज्योती हिच्या स्मरणार्थ.

दुसऱ्या दिवशी मुली सामान ठेवून गेल्या. उजेड अजून होता, भिंती तशाच गरम होत्या. पुष्पा स्टुलावर बसून बॅटी पुसत होती. मी अर्ज तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. अटीत ‘व्यापारी’ असं होतं, ते मी वाचलं होतं. मला शंका होती तरी मी विचारलं नाही. मग ती मुलगी येऊन गेली. मी काही गाळलं नाही.

तिचा हात चालूच होता. “कवा आली ती पोरगी?”

“तू माहेरी गेली होतीस तेव्हा.”

“म्हंजे कागद सुटले तवा.”

“सुटले नव्हते. मी काढले.”

तिने बॅट मांडीवर आडवी ठेवली. “ताई, हे मला इतकी वर्सं इचारत्यात. असा कसा नियम, म्हनत्यात. मेलेल्या लेकराच्या नावानं कुनाचं काय बिघडतं? आन मी ह्यांच्याशी भांडते. म्हनते, नियम असतो, तुम्हाला काय कळतं, ताई शिकलेल्या हायेत.” तिने फडकं खाली ठेवलं. “मी तुमच्यासाठी ह्यांच्याशी भांडले.”

मला वाटलं होतं ती माफ तरी करेल किंवा संतापेल तरी. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझं खोटं ती घरी नेऊन रोज राखत बसली होती.

तिने अर्ज हातात घेतला. तिला वाचायला वेळ लागतो. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “भिंतीवर नाय, ते कागदावर कशाला लिवता?”

पुढच्या संध्याकाळी आहेरभाऊ आले. मैदानाला वळसा न घालता, सरळ. हातात निळ्या रंगाचा लहान डबा आणि ब्रश. त्यांनी ते माझ्या टेबलावर, आवक-जावकच्या वहीशेजारी ठेवलं. मी उठून उभी राहिले. म्हटलं, “आहेरभाऊ, माझं चुकलं. तुम्ही लिहा परत. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही.”

ते रागाने बोलले नाहीत. घरात बोलतात तसं, अहिराणीत बोलले. “मी एकदाव लिखेल शे. आते तुम्ही लिखा.”

आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

मी आयुष्यात ब्रश धरला नव्हता. पट्टीने पेन्सिलची ओळ आखली, नीट मधोमध, डोळ्यांच्या वर, पाटी असते तशी. पुष्पाने स्टूल सोडलं, मी त्यावर चढले. पहिल्याच अक्षराला रंग ओघळला. पदराने पुसायला गेले तर आणखी पसरला. मुली खेळायचं सोडून दारात गोळा झाल्या. घाम डोळ्यांत जात होता. ‘कै.’ मी लिहिलं नाही. एका मुलीने विचारलं, “ज्योती कोण?”

“माझी पोरगी,” पुष्पा म्हणाली. “तुझ्या हातातली बॅट तिचीच हाय.”

मुलीने बॅटीच्या निळ्या टेपकडे बघितलं आणि मूठ जरा सैल केली.

संपलं तेव्हा मी खाली उतरले. अक्षरं वाकडी होती, कचेरीतल्या नोंदीसारखी एकमेकांना चिकटून. कुणीही बघून सांगेल, हे बापाचं नाही. पुष्पाने मान वर करून बघितलं.

“चांगलं आलं,” ती म्हणाली. “पन लय वर झालं, ताई.”

“पाटी वरच असते गं.”

“ह्यांनी पाटी नव्हती लिवली. तिच्या उंचीवर लिवलं होतं. ती इथं उभी राहिली असती तर कपाळाला लागलं असतं, तेवढ्यावर.”

दाराकडे बघायची मला हिंमत झाली नाही. पुष्पाने स्टूल बाजूला सरकवलं, रंगाने माखलेला माझा हात मनगटाशी धरला आणि भिंतीवर टेकवला. भिंत दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होती. मी बोटं फिरवली. क्रीम रंगाखाली एक ताठ कड लागली, तिच्याशेजारी दुसरी. रंगारी म्हणाला होता तसा उठाव राहिला होता. पुष्पा इतकी वर्षं त्यावरच डोकं टेकून बसत होती. मी हात काढला तेव्हा दिसलं, की माझी बोटं त्या तेलाच्या डागावरच होती, ज्याच्यावर मी दिवाळीआधी रंगाचा आणखी एक हात मारून घेणार होते.